विद्यापीठांच्या अंगणांतील तीन स्मारकें

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली तेव्हां ती अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केली, हें मराठी वाचकांस ठाऊक आहे. तेथील काळ्या लोकांस दास्यांतून सोडविण्याचें काम त्या सज्जनांनीं केलें, म्हणून पुण्यांतील ह्या सुधारकानें त्यांचा गौरव केला, आणि आपल्या देशबांधवांनींहि शूद्रांच्या मुक्तीसाठीं तोच कित्ता गिरवावा अशी इच्छा प्रकट केली. त्या अर्पणपत्रिकेला चाळीस वर्षें होतात तोंच, १९१३ सालीं, नॉर्थ कॅरोलिना राज्यांतील चॅपेल हिल येथील विद्यापीठाच्या अंगणांत एक पुतळा उभा राहिला. तो मुक्तिदात्यांपैकीं कोणाचा नव्हता. गुलामगिरी राखण्यासाठीं दक्षिणेकडील राज्यांनीं जें युद्ध केलें, त्यांत त्या राज्यांच्या बाजूनें लढावयास गेलेल्या विद्यार्थ्यांचें तें स्मारक होतें. शिपायाच्या हातांत बंदूक होती, पण कमरेला काडतुसांची पेटी नव्हती. ती बंदूक उडावयाची नाहीं, म्हणून लोक त्याला 'मुका सॅम' म्हणूं लागले. अनावरणाच्या समारंभांत ज्युलियन कार नांवाच्या एका धनिक माजी विद्यार्थ्यानें भाषण केलें. युद्धावरून परतल्यावर, आतां आपण उभे आहों तेथून शंभर यार्डांच्या आंत, आपण एका काळ्या स्त्रीला तिच्या झग्याच्या चिंध्या होईतों चाबकानें झोडपलें, ही हकीकत त्यानें त्या भाषणांत मोठ्या अभिमानानें सांगितली. भाषणाचें हस्तलिखित विद्यापीठाच्याच दफ्तरखान्यांत आहे. त्यांत त्या स्त्रीचें नांव नाहीं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेंतील कित्येक जुन्या विद्यापीठांनीं त्या स्त्रीसारख्या अनामिकांचीं स्मारकें उभारलीं आहेत. ज्यांनीं विटा भाजल्या, पायाचे खड्डे खणले, प्राध्यापकांचीं चुलाणीं पेटविलीं व विद्यार्थ्यांच्या खोल्या झाडल्या, आणि हें सर्व विकत घेतलेलीं किंवा भाड्यानें आणलेलीं माणसें म्हणून केलें, त्यांचीं हीं स्मारकें. त्यांविषयीं तिकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण त्यांतील बरेंचसें लिखाण एक तर नुसतें कलेविषयीं आहे, नाहीं तर नुसतें न्यायाविषयीं. शिल्पज्ञ दगडाची व धातूची प्रशंसा करितात, न्यायप्रिय लोक हेतूची करितात, आणि दोघे एकमेकांचें वाचीत नाहींत. ह्या कृतींपुरते तरी हे दोन प्रश्न वेगळे करतां येत नाहींत असें आम्हांस वाटतें, आणि तेंच तीन उदाहरणें घेऊन येथें दाखवावयाचें आहे.

ह्या स्मारकांच्या समर्थनार्थ 'सांधणाऱ्या न्याया'ची कल्पना पुढें मांडण्यांत येते. आपल्या परिचयाचा न्याय अपराध कोणता आणि शिक्षा किती एवढें विचारतो. अपराधी आणि ज्यावर अपराध झाला तो, असे दोघेहि मरून दीडशें वर्षें लोटलीं म्हणजे त्या न्यायाला करण्यासारखें कांहीं उरत नाहीं. सांधणाऱ्या न्यायाचे प्रश्न निराळे आहेत. इजा कोणाला झाली, ती कशानें भरून येईल, आणि भरून काढण्याचें कर्तव्य कोणाकडे येतें? माणसें मरतात, पण विद्यापीठ मरत नाहीं. त्याच्या इमारती, जमिनी, निधि आणि नांवलौकिक हीं पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. जो वारसा घेतो त्यानें त्यावरचा बोजाहि घ्यावा, हा नियम आमच्या खेड्यांतील अडाणी कुळालाहि समजतो.

तेव्हां अशा स्मारकाविषयीं पहिला प्रश्न असा कीं, ती कर्जाची पावती आहे कीं कर्जरोखा? पावती झाली कीं खातें मिटलें. रोखा लिहून देणारा मात्र आपण देणें लागतों हें चारचौघांत कबूल करतो, आणि उद्यांच्या तगाद्याला जागा ठेवतो. हा प्रश्न वरवर पाहतां नीतीचा दिसतो. परंतु शिल्पाजवळ जाऊं लागलें म्हणजे तो दगडाच्या उंचीचा, अक्षरांच्या जागेचा, फार काय बसण्याउठण्याच्या सोयीचा प्रश्न होऊन बसतो.

चॅपेल हिलचेंच पाहूं. तेथील सर्वांत जुन्या इमारतीचा पाया १७९३ सालीं घातला गेला, आणि ती बांधण्यांत गुलामांचे हात होते. २००२ सालीं पदवी घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनीं आपल्या वर्गाची भेट म्हणून ह्या श्रमिकांचें एक स्मारक विद्यापीठाला दिलें, आणि तें २००५ सालीं मुक्या सॅमपासून हांकेच्या अंतरावर उभें राहिलें. शिल्पकार दो हो सू हा मूळचा कोरियाचा. त्यानें काळ्या ग्रॅनाइटचें एक वाटोळें मेज केलें, आणि तें जमिनींतून वर येणाऱ्या तीनशें इवल्याशा पितळी माणसांच्या हातांवर तोलून धरलें. भोंवतीं बसावयास दगडी बैठका ठेविल्या. अर्थ उघड आहे: ज्यावर तुम्ही टेकलां आहां तें ह्या लोकांनीं उचलून धरलें आहे.

ही कल्पना ह्या शिल्पकाराला येथें प्रथम सुचली असें नाहीं. १९९८ च्या सुमारास त्यानें एक मोठा चौथरा केला होता. चौथऱ्यावर कोणीच नाहीं, आणि खालीं शेंकडों लहान माणसें तो चौथरा खांद्यावर घेऊन चाललीं आहेत. त्या कृतींतील उपरोध आम्हांस फार मार्मिक वाटतो. चौथऱ्यावरील नेहमींचा थोर पुरुष काढून टाकला म्हणजे खालच्यांचा भार तसाच राहतो, हें पाहणाराला एका क्षणांत कळतें. चॅपेल हिल येथें मात्र त्या चौथऱ्याचें मेज झालें आणि उपरोध उलटून शिल्पाच्याच अंगावर आला. रिकाम्या चौथऱ्यावर कोणी चढत नाहीं. मेजावर मात्र डबा उघडतात, पुस्तकें टाकतात, कोणी पायहि ठेवतात. विद्यार्थ्यांनीं तेंच केलें. पावसाच्या पाण्यानें माती वाहून येई ती पितळी माणसांच्या पायांशीं सांचे. शेजारीं शिपाई उंच चौथऱ्यावर, आणि ज्यांच्यासाठीं हें सारें केलें ते लोकांच्या पोटऱ्यांच्या खालीं. आणि तेहि अजून ओझें वाहत आहेत.

शिल्पकाराच्या बाजूनें कोणी असें म्हणेल कीं, बसणाराला अवघडल्यासारखें व्हावें हाच तर हेतु आहे. जो बसला तो आपण होऊन ह्या व्यवस्थेचा भागीदार ठरला! युक्तिवाद चतुर आहे, आणि चित्रशाळेंत तो खरा ठरला असता. परंतु चित्रशाळेंत माणूस पाहावयास जातो. महाविद्यालयाच्या हिरवळीवर तो दुपारीं भूक लागली म्हणून बसतो. शिवाय, ज्यांचे पूर्वज ह्या मेजाखालीं आहेत ते येथें आले तर त्यांनीं कोठें बसावें? त्यांच्यासाठींहि त्याच बैठका. स्मारकावरील लेखांत 'गुलाम' हा शब्द टाळून 'बद्ध व मुक्त' अशी भाषा योजिली आहे, आणि ह्या लोकांनीं विद्यापीठ बांधण्यास साहाय्य केलें असें म्हटलें आहे. साहाय्य करणारा नेहमीं दुसऱ्याच्या कामांत साहाय्य करतो. पाया ज्यांनीं खणला, भिंत ज्यांनीं रचली, त्यांनीं साहाय्य केलें असें म्हणावयाचें, तर मग काम कोणीं केलें? एका क्रियापदांत मालकी पुन्हां मालकाकडे गेली. देणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सद्धेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. शिपायाच्या पुतळ्याशेजारीं त्या काळीं एवढें तरी करण्याचें त्यांस सुचलें, हें त्यांना भूषणावह आहे. परंतु त्या कृतींत पावतीचा भाव आहे. उपकार मानले, मेज दिलें, आतां बसावें.

तें खातें मिटलें नव्हतें, हें पुढें तेथेंच दिसून आलें. २० ऑगस्ट २०१८ च्या रात्रीं निदर्शकांनीं मुक्या सॅमला दोर लावून खालीं पाडला. त्याचा उरलेला चौथराहि २०१९ च्या जानेवारींत काढण्यांत आला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या राज्यांतील विद्यापीठांच्या नियामकांनीं तो पुतळा दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशजांच्या एका संघटनेला देऊं केला, आणि त्याच्या जतनासाठीं पंचवीस लाख डॉलरांचा निधि मान्य केला! न्यायालयानें २०२० च्या फेब्रुवारींत तो व्यवहार रद्द ठरविला, ही गोष्ट वेगळी. पण गुलामांसाठीं पदवीधरांनीं वर्गणी काढून मेज द्यावें, आणि शिपायासाठीं संस्थेच्या तिजोरीनें पंचवीस लाख मोजावयास निघावें, ह्या दोन आंकड्यांच्या मध्यें त्या मेजाविषयींची सर्व टीका येऊन जाते.

दुसरें स्मारक ऱ्होड आयलंडमधील ब्राउन विद्यापीठाचें. येथें क्रम उलटा होता, आणि तो आम्हांस अधिक पसंत आहे. रूथ सिमन्स ह्या त्या विद्यापीठाच्या अध्यक्षा झाल्या. गुलामांच्या वंशांत जन्मलेल्या ह्या बाई त्या वर्गांतील प्राचीन विद्यापीठांपैकीं एकाच्या अध्यक्षपदीं बसणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय होत. त्यांनीं २००३ सालीं एक समिति नेमून आपल्याच संस्थेच्या जुन्या वह्या उघडविल्या. समितीचा अहवाल २००६ सालीं निघाला. ज्या ब्राउन घराण्याचें नांव विद्यापीठाला आहे त्या घराण्याच्या 'सॅली' नांवाच्या जहाजाची १७६४ सालची सफर त्यांत सविस्तर आली आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर १९६ माणसें विकत घेतलीं. त्यांपैकीं निदान १०९ दगावलीं. जहाजावरील हिशेबवहींत दारूचे पिंप जसे मांडले तसेच हे मृत्यूहि क्रमांक घालून मांडले आहेत.

अहवालानंतर आठ वर्षांनीं, २०१४ सालीं, मार्टिन प्युरिअर ह्या थोर शिल्पकाराचें शिल्प तेथील जुन्या इमारतीजवळ बसविण्यांत आलें. ओतीव लोखंडाचा एक प्रचंड गोळा जमिनींत अर्धा रुतलेला. त्यांतून निघालेली जाड सांखळी थोडी वर येते आणि एका कडीपाशीं तुटते. तुटल्या जागीं धातू आरशासारखा घोटला आहे, आणि त्यांत आकाश दिसतें. केवळ शिल्प म्हणून पाहिलें तर तिन्हींत हें श्रेष्ठ आहे. त्यांत एक रेषा अधिक नाहीं. सांखळी तुटली आहे हें खरें, पण गोळा जमिनींतून निघालेला नाहीं. मुक्तीचा सोहळा करण्याचा सोपा मार्ग प्युरिअरनें नाकारला, हा त्याचा संयम आम्हांस थोर वाटतो. आणि तरीहि येथें कांहींतरी उणें राहतें. गोळ्याला नांव नाहीं. हें शिल्प दुसऱ्या एखाद्या बंदरगांवांत नेऊन ठेविलें तरी त्याच्या अर्थांत फरक पडणार नाहीं. त्या १०९ जणांची आठवण शेजारच्या शिलालेखाला ठेवावी लागते, लोखंड ती ठेवीत नाहीं. रोखा जर कोठें असेल तर तो अहवालांत आहे. आणि अहवालानंतर गांवांतील सार्वजनिक शाळांच्या मुलांसाठीं एक कोटी डॉलरांचा निधि उभारण्याचें जें वचन विद्यापीठानें २००७ सालीं दिलें, त्यांत आहे. तो निधि पुरा व्हावयास तेरा वर्षें लागलीं. लोखंड त्यापूर्वींच पुष्कळ गंजून सुंदर झालें होतें.

आतां तिसरें. त्याविषयीं थोडें अधिक लिहावें लागेल, कारण न्याय आणि रूप हीं दोन्ही येथें एका जागीं आलीं आहेत असें आम्हांस वाटतें.

व्हर्जिनिया विद्यापीठ १८१९ सालीं टॉमस जेफर्सन यांनीं स्थापिलें. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ह्या पुरुषाच्या मालकींत सर्व आयुष्य मिळून सहाशेंहून अधिक गुलाम होते. गुलामगिरी ही अनीति आहे हें त्यांना कळत नव्हतें असेंहि नाहीं. व्हर्जिनियावरील आपल्या ग्रंथांत त्यांनीं तिचा निषेध केला आहे, आणि त्याच ग्रंथांत काळ्या लोकांस हीन ठरविलें आहे. त्या काळच्या माणसांस आजच्या मापानें मोजूं नये, असें म्हणणारे आमच्याकडेहि पुष्कळ भेटतात. पण येथें माप आजचें नाहीं, त्यांचेंच आहे. विद्यापीठाचा आराखडाहि जेफर्सनचाच. मध्यें विस्तीर्ण हिरवळ, माथ्याशीं घुमटाची इमारत, दोहों बाजूंस प्राध्यापकांचीं मंदिरवजा घरें. त्या घरांचीं तळघरें आणि उंच नागमोडी भिंतींआड दडलेलीं मागचीं परसें, हा गुलामांचा मुलूख होता. हिरवळीवरून चालणाराला ते दिसूं नयेत अशी ती योजना होती. १८१७ पासून १८६५ पर्यंत सुमारें चार हजार गुलामांनीं तेथें काम केलें असा अंदाज आहे. विद्यार्थ्यांनीं लहान गुलाम मुलींवर हात टाकल्याच्या नोंदी विद्यापीठाच्या जुन्या कागदांत आहेत.

ह्या चार हजारांसाठीं २००७ सालीं पहिलें स्मारक झालें तें म्हणजे घुमटाखालच्या वाटेवर जमिनींत बसविलेली एक लहानशी पाटी. लोक तिच्यावरून चालत जात. तिनेंच बहुधा खरें काम केलें. कारण ती पाहून संतापलेल्या विद्यार्थ्यांनीं २०१० च्या सुमारास योग्य स्मारकाची मागणी सुरू केली. २०१३ सालीं विद्यापीठानें चौकशी-आयोग नेमला. पुढें वास्तुकारांची निवड झाल्यावर गुलामांच्या वंशजांशीं व गांवांतील काळ्या वस्तीशीं सभांमागून सभा झाल्या. वास्तुकार मीजिन यून आणि एरिक होवेलर यांच्याबरोबर इतिहासज्ञ मेबल विल्सन, उद्यानरचनाकार ग्रेग ब्लीम, शिल्पकार एटो ओटिटिग्बे आणि ह्या सभा चालविण्याचें काम करणारे फ्रँक ड्यूक्स हेहि कर्ते म्हणून मोजले जातात. सभा चालविणाराचें नांव शिल्पकाराच्या पंक्तीस बसविलेलें आम्हीं अन्यत्र पाहिलेलें नाहीं. आमच्याकडे स्मारक-समित्या होतात, त्यांत वर्गणीदार बसतात. ज्यांच्या दुःखाचें स्मारक त्यांना पुष्कळदां अनावरणाचें निमंत्रणहि जात नाहीं.

हें काम चालू असतांनाच, ११ ऑगस्ट २०१७ च्या रात्रीं, गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुकारा करणारे शेंकडों लोक मशाली घेऊन ह्याच हिरवळीवरून जेफर्सनच्या पुतळ्यापर्यंत गेले, आणि दुसऱ्या दिवशीं गांवांत त्यांच्यापैकीं एकानें गर्दींत मोटार घालून एका स्त्रीचा जीव घेतला. जुन्या कागदांतील भांडण जुनें नाहीं, हें त्या दोन दिवसांनीं सिद्ध केलें.

स्मारक २०२० सालीं पुरें झालें. घुमटाच्या पूर्वेस, हिरवळीच्या बंदिस्त चौकाबाहेर, गांवांतून येणाऱ्या रस्त्याच्या बाजूस तें आहे. वंशजांनीं विद्यापीठाच्या पोटांत शिरून तें पाहावें लागूं नये, हा त्यांतील विचार आहे. ऐंशीं फूट व्यासाचें ग्रॅनाइटचें एक कडें. घुमटाचा व्यासहि तितकाच. हें कडें पुरें मिटत नाहीं. तुटलेल्या बेडीसारखें तें उघडें आहे, आणि उघड्या बाजूनें माणूस आंतल्या गवतावर येतो. तेथें बसतां येतें, सभा भरवितां येते, फेर धरून नाचतां येतें. गुलामांच्या भजनांत तसा फेर असेच. चॅपेल हिलच्या मेजावरहि बसतां येतें खरें, पण तेथें बसणारा गुलामांच्या डोक्यावर बसतो. येथें तो त्यांच्या मध्यें बसतो.

आंतल्या भिंतीवर चार हजार खुणा आहेत. खूण म्हणजे दगडांत मारलेली एक आडवी चीर. जिचा माणूस सांपडला त्या चिरेवर नांव कोरलें आहे. अशीं नांवें पांचशेंहून अधिक. आडनांव पुष्कळांस नाहींच. आणखी तीनशेंहून अधिक माणसें अशीं आहेत कीं, कागदांत त्यांचें नांव नाहीं, पण नातें किंवा काम सांगितलें आहे. त्यांच्या चिरेवर तो एवढा एक शब्द कोरला आहे. बाकीच्या तीन हजारांवर चिरा कोऱ्या आहेत. संशोधन चालू राहील, नांव सांपडेल, तें त्या जागीं कोरलें जाईल, अशी ही रचना आहे. पावसांत चिरांत पाणी सांचतें आणि ओघळतें. कोणाला तीं आसवें वाटतात, कोणाला पाठीवरचे वळ. आम्हांस मात्र ह्या उपमांपेक्षां त्या चिरांची मोजणी मोलाची वाटते. अज्ञात सैनिकाच्या थडग्यांत एक जण सर्वांच्या वतीनें निजतो आणि बाकीच्यांची मोजणी तेथें संपते. येथें प्रत्येकाची जागा राखली आहे. हा वहींतील कोरा रकाना आहे, आणि तो कोरा आहे म्हणूनच येणें बाकी आहे हें रोज दिसतें. ज्या हिशेबवहीनें माणसांस माल म्हणून मांडलें, त्या वहीचीच पद्धत घेऊन शिल्पकारांनीं ती उलटी फिरविली.

बाहेरच्या खडबडीत भिंतीवर इसाबेला गिबन्स हिचे डोळे कोरले आहेत. ही विद्यापीठांतील एका प्राध्यापकाच्या घरीं गुलाम म्हणून स्वयंपाक करी. वाचावयास ती चोरून शिकली. १८६५ नंतर मुक्त झालेल्या मुलांच्या शाळेंत ती शिक्षिका झाली, आणि पुढें कित्येक वर्षें तिनें ह्याच गांवांत शिकविलें. छायाचित्रावरून कोरलेले हे डोळे ऊन तिरपें पडलें तरच दिसतात; माध्यान्हीं पाहणारा नुसता दगड पाहून परत जातो. अशी युक्ति दुसऱ्या ठिकाणीं आम्हांस नाटकी वाटली असती. जिला पन्नास वर्षें कोणी पाहूं नये म्हणून भिंती बांधल्या, तिनेंच भिंतींतून पाहावें, ह्यांत मात्र नाटकापेक्षां अधिक कांहीं आहे.

स्मारकानें पोट भरत नाहीं, असा आक्षेप ह्यावर येतो, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या चालक पाद्र्यांनीं १८३८ सालीं २७२ माणसें १,१५,००० डॉलरांस लुइझियानांत विकून संस्थेचें कर्ज फेडलें. त्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं २०१९ सालीं मत देऊन ठरविलें कीं, प्रत्येकानें सहामाहीस २७ डॉलर २० सेंट ह्या माणसांच्या वंशजांसाठीं द्यावे. शिल्प कांहींच नाहीं. नुसता त्या २७२ ह्या आंकड्याचा प्रतिध्वनि. संस्थेनें ती वर्गणी लागू केली नाहीं, देणग्यांतून निधि करूं असें सांगितलें. असें असूनहि विद्यार्थ्यांचें तें मत अनेक पुतळ्यांहून भारी आहे असें आम्ही मानतों. व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळानें तर २०२१ सालीं कायदा करून आपल्या पांच जुन्या शिक्षणसंस्थांवर दोन्ही गोष्टी एकत्र बंधनकारक केल्या: गुलामांचा शोध घेऊन त्यांचें स्मारक करावयाचें, आणि वंशजांस किंवा त्या वस्तीस शिष्यवृत्ति अथवा अर्थसाहाय्य द्यावयाचें. दगड आणि शिष्यवृत्ति ह्यांतून एक निवडा असा वाद घालणारांस ह्या कायद्यानें उत्तर दिलें आहे. शिष्यवृत्ति एकट्यानें दिली तर तो दानधर्म वाटतो. घेणाराची मान खालीं जाते. भिंतीवर आजीचें नांव आणि शेजारीं कोरी चीर पाहून जो मुलगा ती घेईल, तो आपली थकबाकी घेत असेल.

ह्या तिसऱ्या स्मारकाची आम्हीं इतकी स्तुति केली, तरी एका गोष्टीवर आमचा आक्षेप आहे. कड्याच्या आंत एक कालपट कोरला आहे आणि त्यावरून पाणी वाहतें. तो १६१९ सालापासून, म्हणजे आफ्रिकेंतून पकडून आणलेलीं पहिलीं माणसें व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला लागलीं तेथून सुरू होतो, आणि १८८९ सालीं, इसाबेला गिबन्सच्या मृत्यूपाशीं थांबतो. कलेच्या दृष्टीनें शेवट सुरेख आहे. गुलाम म्हणून जन्मलेली स्त्री शिक्षिका म्हणून मरते, आणि पाहणारा समाधानानें वर पाहतो. पण ह्याच समाधानाची आम्हांस भीति वाटते. इसाबेलाच्या शाळेंतून शिकून निघालेल्या मुलांस समोरच्या विद्यापीठाचें दार बंदच होतें. ग्रेगरी स्वॉन्सन ह्या काळ्या वकिलानें तेथील कायद्याच्या वर्गांत प्रवेश मागितला तेव्हां तो नाकारण्यांत आला, आणि १९५० सालीं न्यायालयाच्या हुकुमावरून त्याला आंत घ्यावें लागलें. इसाबेलाच्या मृत्यूपासून तोंवर एकसष्ट वर्षें गेलीं. त्या एकसष्ट वर्षांत गुलामगिरी नव्हती, तेव्हां त्या वर्षांचा अपराध पूर्वजांवर किंवा जेफर्सनवर टाकतां येत नाहीं. तो नियामक मंडळाच्या ठरावांत, पगारी कुलसचिवांच्या सहीनिशीं आहे. तीन हजारांवर कोऱ्या चिरा ठेवण्याचें धैर्य ज्यांनीं दाखविलें, त्यांनीं पाण्याखालच्या दगडावर आणखी हातभर जागा घेऊन १९५० पर्यंत यावयास पाहिजे होतें. दगड अजून तेथेंच आहे, आणि कोरणारे हातहि आहेत.